झाकण उघडण्याआधी

 ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. दरवर्षी त्या तारखेच्या सुमाराला एक वाक्प्रचार कानावर येतो : माणसाने पँडोराची पेटी उघडली. इंग्रजीतून आलेला हा वाक्प्रचार मराठीतही आता रुळला आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नसताना संकटांना वाट मोकळी करून देणे, असा त्याचा अर्थ आपण घेतो. आमची हरकत आहे ती ‘कल्पना नसताना’ या शब्दांना.

ग्रीक कवी हेसिअडने सुमारे २,७०० वर्षांपूर्वी ही कथा सांगितली, तिच्यात पेटी नाहीच. तिथे आहे धान्य, तेल, दारू साठवण्याचा मातीचा भलामोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच पंडिताने लॅटिनमध्ये लिहिताना रांजणाची पेटी केली आणि तीच जगभर गेली. पेटी आली की कुतूहल आले, आणि सगळा ठपका पँडोराच्या चौकस हातांवर ठेवता आला. हेसिअडही तिच्याबद्दल काही बरे बोलत नाही. पण त्याच्या कथेत कुतूहलाचे नाव नाही; एक इशारा मात्र आहे. देवांचा राजा झ्यूस याच्याकडून आलेली भेट घेऊ नकोस, आल्या पावली परत पाठव, असे प्रॉमिथ्यूसने भावाला बजावले होते. भावाने भेट म्हणून आलेल्या पँडोराला घरात घेतले आणि मग त्याला ते शब्द आठवले. त्या भावाचे नाव एपिमिथ्यूस. मागाहून विचार करणारा, असाच त्या नावाचा अर्थ आहे.

हिरोशिमाआधीही इशारे दिले गेले होते, आणि तेही बॉम्ब घडवणाऱ्यांकडून. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडेल या भीतीने लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये आइन्स्टाइनच्या सहीचे पत्र अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे धाडले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, भीतीचे कारण संपले; बॉम्बचे काम थांबले नाही. जूनमध्ये याच कामातले शास्त्रज्ञ जेम्स फ्रँक आणि त्यांच्या शिकागोतील सहकाऱ्यांनी सरकारला अहवाल दिला. बॉम्ब शहरावर टाकू नका, वाळवंटात किंवा ओसाड बेटावर जगाला त्याची ताकद दाखवा. तसे न केल्यास शस्त्रस्पर्धा सुरू होईल, कारण हे गुपित फार काळ गुपित राहणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. १७ जुलैला झिलार्ड यांच्या निवेदनावर ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. ते नवे अध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोचलेच नाही. भस्मासुराला वर देऊन बसलेल्या शंकराची जी अवस्था, तीच झिलार्ड यांची झाली. इथे धावून यायला मोहिनी मात्र नव्हती. चार वर्षांनी, २९ ऑगस्ट १९४९ ला, सोव्हिएत रशियाने आपला बॉम्ब फोडला. आज नऊ देशांकडे अण्वस्त्रे आहेत आणि त्यांत आपणही आहोत.

सगळी संकटे उडून गेल्यावर रांजणाच्या काठाशी आशा तेवढी उरली, असे हेसिअड सांगतो. आपल्या रांजणाच्या काठाशी उरली ती बॉम्बमधून वाचलेली माणसे. निहोन हिदान्क्यो या बॉम्बपीडितांच्या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा बॉम्बची हकीकत सांगणारी ही माणसे ऐंशी-नव्वदीत पोचली होती. स्वतःच्या भाजलेल्या पाठी उघड्या करून त्यांनी जगाला पुन्हा पुन्हा तोच इशारा दिला आहे. ती हयात आहेत तोवर तो ऐकला जावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

हिरोशिमाच्या संग्रहालयात जेवणाचा एक डबा ठेवला आहे. तो तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा. आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामाला त्या सकाळी त्याला नेले होते. काही दिवसांनी आईला त्याचा देह सापडला, तेव्हा डबा त्याच्या पोटाशी होता. आतल्या जेवणाचा कोळसा झाला होता. आईने सकाळी लावून दिलेले झाकण त्याने उघडलेच नव्हते.