पंचवीस रुपयांची भाकरी



मागच्या बैठकीहून परतताना कराडच्या अलीकडे महामार्गावरच्या एका हॉटेलात आम्ही चौघे जेवायला थांबलो. पाटीवर लिहिले होते : शाळूची भाकरी, 25 रुपये. आमच्यातले एक माण तालुक्यातले, घरची सगळी जमीन शाळवाची. दोन भाकऱ्या झाल्या आणि तिसरी मागवायला गडी बिचकला. "गेल्या साली पोती घातली त्याचा भाव आठवला आन् घास अडकला," म्हणाला. गाडीत बसल्यापासून वाद सुरू झाला तो दहिवडीचा फाटा येईपर्यंत. ह्यात चोर कोण? हॉटेलवाला? व्यापारी? की हिशेब न येणारे आपणच?

आधी हिशेब मांडू. 2025-26 च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव सरकारने क्विंटलला 3,749 रुपये जाहीर केला. किलोला साडेसदतीस. किलोभर पिठाच्या दहा भाकऱ्या होतात, हात मोठा असला तर आठ. म्हणजे एका भाकरीत धान्य पावणेचार ते पावणेपाच रुपयांचे. दळण धरा, पाच म्हणा. हाही कागदावरचा भाव. ज्या गावाला खरेदी केंद्र दिसलेच नाही तिथे खळ्यावर व्यापारी म्हणेल तो भाव. पाचाची भाकरी पंचवीसला कशी झाली?

पहिला राग हॉटेलवाल्यावर येतो. पण तो राग फुकट आहे. रस्त्याकडेच्या जागेचे भाडे त्याला महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते, गिऱ्हाईक येवो न येवो. भाकरी थापणाऱ्या बाईची हजेरी, आचारी, पोऱ्या, भांडी घासणारा. गॅस, वीज, पाणी. ताटाबरोबर फुकट दिलेला कांदा आणि लिंबू. रात्री उरलेली आमटी ओतून द्यावी लागते, तिचीही किंमत उद्याच्या ताटात असते. दुपारी तीन ते सात खुर्च्या रिकाम्या असतात; त्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसेही आठ वाजता जेवणारा देतो. आमच्या विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोने गाळतात. गाळताना घट किती जाईल हे ते आधी धरतात, मग दर सांगतात. हॉटेलवाला तेच करतो. ह्यात लबाडी नाही, हा धंदा आहे. आपल्याच घरांतली पोरे त्या हॉटेलांत वाढप्याचे आणि आचाऱ्याचे काम करतात, त्यांचा पगारही त्याच पंचवीस रुपयांतून निघतो.

तेव्हा ताटाचा दर ताटातल्या धान्यावर ठरत नाही. पिठाचा भाव दोन रुपयांनी उतरला म्हणून भाकरीची पाटी पुसली जात नाही, आणि बटाटा मातीमोल झाला म्हणून वडापाव स्वस्त होत नाही. 15 नोव्हेंबर 2017 पासून हॉटेलांवरचा जीएसटी 18 आणि 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला. त्याचबरोबर हॉटेलवाल्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही बंद झाली. त्याने ती वजावट मूळ दरात घालून घेतली आणि पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाइकाचे बिल होते तिथेच राहिले. आपला खर्च वाढला की तो दरात घालायचा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हे सरकारलाही पक्के ठाऊक आहे. मायबाप सरकार स्वतः खानावळ चालवून बसले आहे, एकदा नव्हे दोनदा. 1995 साली युतीच्या सरकारने एका रुपयात झुणका-भाकर द्यायची ठरवली. मोक्याच्या जागा दिल्या, अनुदान दिले. रुपयात भाकरी परवडत नाही हे केंद्रवाल्यांना लवकरच कळले आणि पुष्कळ टपऱ्यांवर वडे, भजी, चायनीज दिसू लागले. पुढे सरकार बदलले, योजना गुंडाळली गेली. मग 26 जानेवारी 2020 ला आघाडी सरकारने शिवभोजन थाळी आणली. 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भाताची मूद, 100 ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने द्यायचे 10 रुपये. पण थाळीची खरी किंमत सरकारने धरली शहरात 50 रुपये आणि खेड्यात 35 रुपये. वरचे 40 आणि 25 सरकार केंद्रचालकाला देणार.

इथे जरा थांबा. थाळी तीच. चपात्या दोनच, मूद तेवढीच. मग शहरात 15 रुपये जास्त कशाचे? गव्हाचे नाहीत, तांदळाचेही नाहीत. शहरातल्या जागेचे भाडे महाग, हजेरी महाग, म्हणून. आणि त्या ताटातल्या धान्याचा, डाळीचा, भाजीचा शेतकऱ्याच्या बांधावरचा भाव जोडला तर बेरीज दहा रुपयांच्या आसपास येते. म्हणजे ताटात फक्त धान्य नसते, जागा असते, मजुरी असते, इंधन असते, हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून सही केली.

आता सरकार शेतकऱ्याचा हिशेब कसा करते ते बघा. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा उत्पादन खर्च क्विंटलला 2,466 रुपये धरला आणि दीडपट करून 3,699 भाव दिला. मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च 5,140, भाव 7,710. ऐकायला दीडपट गोड वाटते. पण हा खर्च कोणता? बी, खत, औषध, मजुरी असा रोख खर्च, अधिक घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड ह्यात नाही. जमिनीत, विहिरीत, अवजारात घातलेल्या भांडवलाचे व्याज नाही. ते धरून जो खर्च होतो तो वेगळ्या रकान्यात असतो, आणि स्वामिनाथन आयोगाची शिफारस दीडपटीसाठी तो सगळा खर्च धरावा म्हणून पुढे केली जाते. शहरातल्या थाळीला जागेचे भाडे लागते, शाळवाला मात्र जमीन लागत नाही, तो हवेत पिकतो, असा हा हिशेब आहे!

कोणी म्हणेल, शाळवाला कडबा असतो ना. असतो, आणि चांगल्या साली कडब्यानेच घर तरते हे आम्ही नाकारत नाही. पण कडब्याच्या वाट्याचा खर्च काढूनच धान्याचा खर्च मांडतात. आणि ज्या साली परतीचा पाऊस दगा देतो त्या साली कणीसही नाही आणि कडबाही नाही. हॉटेलवाल्याच्या रिकाम्या खुर्च्या त्याच्या दरात असतात. आपली रिकामी साले कुणाच्या दरात आहेत? माण, खटाव, जत, आटपाडीने 1972 पासून किती साले छावणीच्या आणि टँकरच्या रांगेत काढली ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आपल्यालाच ऐकावी लागेल. सातारा-सांगलीची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकांनी चालवल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचे, वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज, आणि महिनाअखेर हातात काही नाही. कारण ताटाच्या पैशात त्या डाळतांदूळ धरायच्या, स्वतःचे श्रम धरायच्याच नाहीत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि ह्या बायकांना बँकेच्या दारात नेले. त्या खानावळवालीची जी चूक होती तीच आपल्या घरोघरी आहे. खुरपणीला घरची लक्ष्मी गेली, काढणीला पोरे आली, राखणीला म्हातारा बसला. वहीत लिहिले काय? बी आणि खत. सरकारी कागदावर घरच्या मजुरीचा निदान एक आकडा तरी असतो, आपल्या वहीत तोही नसतो.

हा हिशेब कशासाठी करायचा? कारण आपला भाव पाडताना प्रत्येक वेळी ताटाचेच नाव पुढे केले जाते. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद केली, कारण काय, तर शहरी माणसाचे ताट महाग होते. लोणंदच्या बाजारात कांदा घालणाऱ्या शेतकऱ्याने ते महिने सोसले. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही निर्यातशुल्क लावून. ह्या काळात मिसळीची प्लेट कुठे स्वस्त झालेली कोणी पाहिली का? रिझर्व्ह बँकेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात म्हटले आहे की गिऱ्हाईक कांद्यावर एक रुपया खर्च करते त्यातले 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोचे 33, बटाट्याचे 37. हे मंडईतल्या रुपयाचे. हॉटेलातल्या रुपयात आपला वाटा त्याहून किती बारीक ते वरच्या भाकरीवरून काढा. अमेरिकेत तर अन्नावरच्या डॉलरमधले पंधरा-सोळा सेंट शेतकऱ्याकडे जातात, आणि बाहेर खाण्याच्या डॉलरमधले त्याहून कमी.

कापसाचेही असेच. एका शर्टाला पावशेर रुई धरली तर सरकी वजा जाता कापूस होतो पन्नास रुपयांच्या आत. आठशेच्या शर्टाला कापूस फुकट दिला तरी तो साडेसातशेचाच. तरी 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले आणि मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत नेली, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी.

उलट बाजूने बघा. ज्वारीचा भाव उद्या दुप्पट झाला तर महामार्गावरची भाकरी पंचवीसची तीस होईल. खाणाऱ्याला पाच रुपये. गरिबाला ते पाचही जड आहेत हे खरे. त्याच्यासाठी सरकारने शिवभोजनात केले तसे करावे, फरक आपल्या तिजोरीतून द्यावा. तिथे 40 रुपये द्यायला हात आखडला नव्हता. तो फरक बांधावर येऊन आमच्याकडून वसूल करू नये.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येकाने एक कागद आणायचा आहे. एका एकर शाळवाचा किंवा कापसाचा ह्या सालचा खर्च : घरच्या बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या दिवसांसकट, बैलाच्या वैरणीसकट, गावात चालतो त्या दराने जमिनीच्या खंडासकट. त्याच कागदाच्या मागे आपल्या फाट्यावरच्या हॉटेलातला भाकरीचा दर लिहा. मायबहिणींनी आपला कागद वेगळा लिहिला तर उत्तम, दोन्ही ताडून पाहू. लिहिता येत नसेल त्याने पोराकडून लिहून घ्यावे. बैठक सुरू होताना हे कागद वाचून दाखवले जातील, भाषणे त्यानंतर.