सोमवारचे चूर्ण

आरमोरी परिसरात दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. शनिवारी नाटक असले की अवेळी जेवण, उत्तररात्री चहा-भजी, आणि रविवारी उठताच पुन्हा भरपेट भात! अध्यशन व विषमाशन यांच्या चरकोक्त व्याख्या आपणांस मुखोद्गत आहेत. तरी सोमवारी रुग्णास हिंग्वाष्टक देऊन आपण मोकळे होतो. औषधविक्रेतेही (त्यांचा एकट्यांचा दोष नव्हे) डबी पुढे करतात. नाटक सोडा, असे सांगण्याचे कारण नाही. जागरणाच्या निम्मा काळ सकाळी अन्न न घेता झोपावे, ही वाग्भटांची सूचना येथे तंतोतंत लागू पडते. त्यानंतर खरी भूक लागल्यावरच जेवावे. चूर्णाआधी ‘काल केव्हा जेवलात?’ एवढे तरी वैद्याने आणि विक्रेत्याने विचारावे.