पेटीतून घरी आलेल्या बाळाची पुढची तारीख

"बाळ जरा उशिरा रडलं होतं." वडोदऱ्याच्या गोरवा भागातल्या माझ्या व्यायामाच्या खोलीत मूल घेऊन आलेली आई हे बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी सांगते. आधी सांगते की दीड वर्षाचा झाला तरी बसत नाही, उभं धरलं की पायांची कात्री होते, पाणी पाजलं की ठसका लागतो. मग मी विचारते, जन्मला तेव्हा काय झालं होतं? तेव्हा पिशवीतून फाइल निघते. काचेच्या पेटीत किती दिवस ठेवलं, ऑक्सिजन किती दिला, झटके आले तेव्हा कोणतं औषध दिलं, सगळं त्यात असतं. शेवटच्या पानावर लसीची तारीख असते. पण मान धरली का, मूठ उघडते का, नजर आवाजाकडे वळते का, हे दाखवायला कधी यायचं त्याची तारीख नसते.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर अमळनेरचं, सासर वडोदऱ्याचं. न लिहिलेल्या या एका तारखेपायी मुलाचं पहिलं वर्ष हातातून जातं, आणि ते परत मिळत नाही.

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, साखर फार उतरली किंवा कावीळ डोक्यात गेली, तर मेंदूला इजा होते ती काही तासांत, फार तर काही दिवसांत. बाहेरून ती दिसायला मात्र महिने लागतात. तान्हं बाळ तसंही आडवंच असतं, त्यामुळे पहिले तीन-चार महिने घरच्यांना सगळं ठीक वाटतं. नंतर आजी म्हणते, ह्याचा बापही दोन वर्षांचा होईस्तोवर चालला नव्हता. शेजारीण गुजरातीत म्हणते, थई जशे, होईल. आजी मायेनंच बोलत असते. पण पेटीतून आलेल्या बाळाला बापाचं माप लागू होत नाही.

पूर्वी डॉक्टरही सेरेब्रल पाल्सीचं निदान एक ते दोन वर्षांच्या दरम्यान करायचे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इओना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचा पुरावा एकत्र मांडला. त्यानुसार सहा महिन्यांच्या आतच हा धोका बऱ्यापैकी खात्रीनं ओळखता येतो. त्यासाठी मेंदूचा एमआरआय लागतो, हातापायांचा ताण तपासण्याची एक ठरावीक पद्धत लागते, आणि बाळाच्या हालचाली नीट पाहाव्या लागतात. साधारण तीन ते पाच महिन्यांचं निरोगी बाळ उताणं पडलेलं असताना त्याची मान, मनगटं, घोटे सतत बारीक बारीक वळवळत असतात. ही वळवळ अजिबात नसेल, तर ती मोठी सूचना असते. मोबाइलवर काही मिनिटांचा व्हिडिओ काढला तरी शिकलेल्या डोळ्यांना ती ओळखता येते. मोबाइल आज इथल्या बीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या प्रत्येक बापाच्या खिशात आहे.

वडोदऱ्याला तर हे बाहेरून शिकायचं कारणच नाही. गोरव्याहून रिक्षानं सहज जाता येईल अशा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या तान्ह्या मुलांची वाढ महिन्यामहिन्यानं मोजली. एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंत मूल कधी काय करतं, याचं अमेरिकन बेली मापनावर आधारलेलं पण आपल्या मुलांवर तपासलेलं माप त्यांनी तयार केलं. बालविकासाच्या क्षेत्रात त्याला आजही 'बडोदा नॉर्म्स' म्हणतात. पुढं त्यातूनच डीएएसआयआय ही भारतीय मोजपट्टी आली. तिच्यात शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ पायऱ्या आहेत. केरळात त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्रानं याच बडोदा मापांतून १७ खुणा निवडून चाळणी चाचणी बनवली. खुद्द बडोद्यातही फाटक आणि खुराणा यांनी १९९१ मध्ये ५४ खुणांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. लाल कडं, ठोकळे, घंटी, आरसा एवढ्या सामानावर एक मराठी बाई या शहरात बसून देशाला माप देऊन गेली, याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच गोरव्यातलं मूल दीड वर्षापर्यंत कुठल्याही मापाशिवाय राहतं, तेव्हा जीव तुटतो.

आपल्या मुलांवर तपासलेलं माप का हवं, हे अलीकडच्या एका अभ्यासानं फार कठोरपणे दाखवून दिलं. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचं अंग तीन दिवस साडेतेहतीस अंशांपर्यंत थंड ठेवलं तर मेंदू वाचतो, हा श्रीमंत देशांतला सिद्ध उपचार. हेलिक्स नावाच्या चाचणीत तो भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला गेला. मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होतं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही. उलट थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटात ३१ टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांची इजा एका झटक्यात होत नाही, लांबलेल्या प्रसूतीत ती हळूहळू आधीच झालेली असते, असं संशोधकांना वाटतं. उपचार तिकडून जसाच्या तसा उचलून आणला तर काय होतं, ते या आकड्यांत आहे. जन्मानंतरच्या उपचारानं ही इजा पुसता येत नसेल, तर मूल लवकर ओळखून त्याच्याकडून काम करून घेणं हाच आपल्या हातातला भाग उरतो. तोच आपण तारखेविना सोडून देतो.

मूल चालू लागलं म्हणजे सुटलं, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा माग अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. कुटुंबं घरं बदलतात, पत्ते हरवतात. तरी इतकी वर्षं त्या मुलांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासणं हे केवढं काम आहे! बाराव्या वर्षी ही मुलं शाळेत जात होती, चारचौघांसारखी दिसत होती. पण पुऱ्या वजनाच्या मुलांच्या तुलनेत त्यांचा बुद्ध्यंक खाली होता, वाचन आणि गणित अडखळत होतं. वर्गातल्या ज्या मुलाला आपण आळशी म्हणतो, त्याची जन्माची फाइल कुणी पाहिलेली असते का? उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूच्या वाढीतल्या अडचणींशी जोडलेली कारणं तिथंही तीच निघाली: जन्मतः उशिरा रडणं, कमी वजन, नवजात वयातला मोठा आजार, मेंदूचा संसर्ग. माझ्याकडच्या आया शेवटी सांगतात ते अभ्यासकांनी आधी विचारलं, एवढाच फरक.

गोरव्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती खानदेशातल्या माणसाला लगेच कळेल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ धुळ्याला किंवा जळगावला पेटीत राहतं. तिथली आशा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येऊन वजन, ताप, दूध पाहते. मग बाळंतीण सुरतेला गाडी बदलून गोरव्याला येते. सरकारी योजनेत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला आशानं पुन्हा घरी यायचं असतं. पण इथल्या आशाच्या वहीत हे मूल जन्मलेलंच नसतं. राज्य बदललं, वही बदलली, आणि नेमके महत्त्वाचे महिने दोन वह्यांच्या मधे पडले. आई-बाळाच्या ममता कार्डावर मान धरण्यापासून चालण्यापर्यंतची चित्रं छापलेली आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कार्डांत लसीचं पान भरलेलं असतं आणि चित्रांचं पान कोरं.

तज्ज्ञ कमी आहेत, आशांवर आधीच ओझं आहे, हे खरंच आहे. आशांना त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांना घरी जाऊन शिकवण्याचं काम डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी केलं. मुलांशी बोलण्या-खेळण्याची पालकांची पद्धत त्यानं सुधारली, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दिसलं. शिकवलं तर जमतं. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाढीतला विलंब शोधणं हे स्वतंत्र काम म्हणून लिहिलेलं आहे, त्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची तरतूद आहे. नवा कायदा नको, नवी इमारत नको. नवजात विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदावर तिसऱ्या महिन्याच्या तपासणीची तारीख आणि जागा छापून द्या. ते मूल जिथं राहायला जाणार, तिथल्या आशाला फोननं कळवा, मग ते गाव गुजरातेत असो की महाराष्ट्रात. महिनेही मोजताना पूर्ण दिवसांच्या हिशेबानं मोजा. दोन महिने आधी आलेल्या बाळाचे तीन महिने जन्मापासून पाच महिन्यांनी होतात.

हे होईल तेव्हा होवो. तुमच्या घरात, चाळीत, नात्यात पेटीत राहिलेलं, उशिरा रडलेलं किंवा झटके आलेलं बाळ असेल, तर तीन महिने झाले की त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्या. जाताना जन्माची फाइल सोबत ठेवा आणि बाळाला सतरंजीवर उताणं ठेवून काढलेला व्हिडिओ दाखवा. मूठ सतत मिटलेली असेल, एकच हात चालत असेल, चार महिने झाले तरी मान ढळत असेल, तर "पुढच्या वेळी बघू" या उत्तरावर परत येऊ नका. व्यायाम आणि कानांची, डोळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात मागून घ्या.