मातीकडून दिलासा मागू नका

चेन्नईतल्या सिरॅमिक कार्यशाळांच्या जाहिराती वर्षभर वाचतो आहे आणि दर वेळी चीड येते. दोन तास चाकावर बसा, ताण विसरा, जाताना स्वतः घडवलेला मग घेऊन जा.

मातीने असा शब्द कुणाला दिलेला नाही. चाकावर गोळा मधोमध बसवताना हात जरा अधीर झाला की भांडं डगमगतं; मनातली घाई तिथे लपवता येत नाही. वाकलेली कड सरळ केली तरी भट्टीत ती पुन्हा वाकू शकते, कारण दाबाने मातीच्या कणांची जी मांडणी झाली, ती वरवर सारवून पुसली जात नाही. त्यात ऐन दिवाळीत इथे ईशान्य मोसमी पाऊस. हवा दमट, भांडी वाळता वाळत नाहीत, आणि ओलं भांडं उतावीळपणे भट्टीत घातलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं.

दिलासा न मागता मातीकडे वळणारी माणसंही होती. चेन्नईतल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आदिच्चनल्लूरच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. तामिरबरणीकाठच्या त्या गावी मृतांना मोठ्या रांजणांत ठेवून पुरत. अशाच रांजणावर प्राचीन तमिळ संगम काळातली एक कविता आहे, ‘पुरनानूरू’ या संग्रहातली २५६वी. नवरा गेलेली बाई कुंभाराला विनवते, की नवऱ्यासाठीचा रांजण मोठा घडव, मीही त्यात मावले पाहिजे. तिला सांत्वन नको आहे, जागा हवी आहे; आपलं दुःख तिने भांड्याच्या मापात सांगितलं. मातीतून मनाचा याहून खरा ठाव घेतलेला माझ्या वाचनात नाही.

मनाच्या आजाराची गोष्ट वेगळी. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली याच शहरात ‘स्कार्फ’ ही संस्था स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी उभी केली. आजारी मनाच्या हाती माती द्यायची की नाही, हे अशा जाणकारांनी ठरवावं. माझं भांडण आहे ते धडधाकट माणसाला तासांच्या हिशेबात विकल्या जाणाऱ्या शांततेशी.

 

म्हणूनच या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग मातीला दिला आहे. लेखकांना अट एकच होती: माती हाती घेऊन किती बरं वाटलं ते लिहू नका, तिने तुमच्यातलं काय उघडं पाडलं ते लिहा. काहींनी ती मानली नाही. त्यांचे लेख, स्नेह असूनही, परत पाठवले.