कृष्णाकाठच्या शाळांत पोहणे शिकवा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा आणि जिल्हा परिषद, सांगली यांस,



पावसाळा लागला की आमच्याकडची शाळकरी पोरेही मोठ्यांसारखीच विचारू लागतात : कोयना धरणातून किती क्युसेक सोडले? सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट झाले? ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असते. २०१९ साली तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जण बुडाले. त्यांत बायका आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. नावेत माणसे जास्त झाली होती, अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

पाण्याची पातळी पाठ असलेल्या या मुलांना पाण्यात काय करायचे हे मात्र शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

दहावीच्या विज्ञानात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आहे. मुले उत्तरे लिहितात, गुण मिळवतात. पण नाव डुलली तर उभे राहायचे नाही, जाकिटाचे पट्टे किती आवळायचे, कोणी बुडत असेल तर आपण उडी न घेता बांबू किंवा ओढणी कशी पुढे करायची, दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन कसा फेकायचा, या गोष्टी हातांनी केल्याशिवाय येत नाहीत. मित्राला वाचवायला गेलेला मित्रही बुडाला, ही बातमी आपण किती वेळा वाचायची?

आमच्याकडे पोहणे विहिरीत शिकतात. पाठीला भोपळा, पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर डबा बांधून काका-मामा पोराला पाण्यात सोडतो. पोरीला मात्र सहसा काठावरच बसवतात. पूर आला की त्याच पोरीला, तिच्या आईला नावेत बसावे लागते आणि पाण्यात पडल्यावर श्वास कसा धरायचा, हेही त्यांना ठाऊक नसते. पुराच्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही हरतो, हे मला मान्य आहे. तरीही पाठीवर तरंगता येणे आणि न घाबरता एखादी फांदी धरून राहणे, यावर मदत येईपर्यंतची मिनिटे निभावतात.

हे जगावेगळे मागणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या बुडण्यावरील अहवालात शाळकरी मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचाव शिकवण्याची शिफारस केली आहे. बांगलादेशात गावातल्याच तळ्यांत बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवले गेले. नदीत शिकवा असे मी म्हणत नाही. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर मगरी आहेत. पण पायऱ्यांच्या विहिरी आहेत, काही ठिकाणी तलावही आहेत. गावोगाव पट्टीचे पोहणारे आहेत. त्यांना नीट प्रशिक्षण आणि मानधन द्या, मुलींसाठी महिला प्रशिक्षक तयार करा.

साताऱ्याच्या डोंगरपट्ट्याचे दुखणे निराळे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे झाला, लोक अंथरुणात होते. शाळेतला भूकंपाचा सराव मात्र घंटा वाजवून मुलांना मैदानात आणतो आणि संपतो. तो घरापर्यंत गेला पाहिजे : रात्री आपण कुठे झोपतो, उशाशी काय रचले आहे, दार कोणत्या बाजूला उघडते, हे मुलाने घरी बघून यावे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे दरडी कोसळल्या. जमिनीला नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाडे कलली, तर कोणाला कळवायचे आणि कुठल्या बाजूने निघायचे, हे त्या खोऱ्यातल्या प्रत्येक मुलाला माहीत हवे.

उसाच्या फडातल्या घरांना सापाचे भय रोजचे आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा कळतही नाही. आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, १०८ ला फोन करा : एका तासात शिकवून होईल एवढेच हे. छेडछाड किंवा अत्याचार झाला तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर बोलता येते, हेही शाळेच्या भिंतीवर नुसते रंगवून भागणार नाही. वर्गात मोकळेपणाने सांगावे लागेल.

यासाठी जाडजूड पुस्तिका काढू नका. प्रत्येक शाळेने आपल्या गावाचा धोका ओळखून पावसाळ्याआधी थोडे दिवस प्रत्यक्ष सरावाला द्यावेत, आणि शिक्षकांवर त्याच्या अहवालांचे ओझे टाकू नये. पलूस, वाळवा, मिरज आणि कराड या नदीकाठच्या तालुक्यांपासून येत्या उन्हाळ्यातच पोहण्याचे वर्ग सुरू करा, आणि त्यांच्या यादीत मुलींची नावे आधी लिहा.

आपला,
कृष्णाकाठचा एक नागरिक