नेमस्तांचा पक्ष आणि गावची शाळा

गोपाळ कृष्ण गोखले ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मले. जयंतीला ‘गांधीजींचे राजकीय गुरू’ एवढी ओळख सांगून आपण मोकळे होतो. पण त्यांच्या वळणाचा एक छोटा पक्षही या देशात होऊन गेला. गोखल्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, काँग्रेसपासून वेगळ्या झालेल्या नेमस्तांचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष होते. नॅशनल लिबरल फेडरेशन या नावाने पुढे हा पक्ष ओळखला गेला.

या पक्षाचा कणा गोखल्यांच्या १९११ च्या शिक्षण विधेयकात दिसतो. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिका आणि लोकल बोर्डांना द्यावा, गरिबाच्या मुलाची फी माफ व्हावी, अशी त्यात तरतूद होती. खर्च कुठून करायचा, हेही गोखल्यांनी सांगितले: मोठा वाटा सरकारने उचलावा, उरलेल्यासाठी स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसवता यावा. मिठावरचा कर कमी करा म्हणून वर्षानुवर्षे भांडणारा माणूस शाळेसाठी मात्र कर मागत होता. गरिबाच्या ताटातून काढू नका, त्याच्या पाटीसाठी द्या, हे त्यामागचे गणित मला आजही पटते. मुले शाळेत गेली तर शेतात राबणार कोण, ही जमीनदारांची चिंता होती. १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. ते काम पुढे याच पक्षाच्या रँग्लर परांजप्यांनी हाती घेतले. ते शिक्षणमंत्री असताना, १९२३ मध्ये, मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला.

गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ना. म. जोशी कामगारांकडे वळले. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यामागे त्यांची धडपड होती. बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रियांना आधार देणारे त्यांचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळाने फेटाळले. मुंबई प्रांताने तसा कायदा १९२९ मध्ये केला.

पक्ष मात्र टिकला नाही. १९२३ च्या निवडणुकीत खुद्द सुरेंद्रनाथ पडले. ज्यांच्यासाठी कायदे मागायचे त्यांच्या दारी जाऊन मते मागण्याची सवय या वकील-प्राध्यापकांना लागलीच नाही. तुरुंगात जाणाऱ्यांपुढे अर्ज-विनंत्या करणारे लोकांना भित्रे वाटले. तो राग समजण्यासारखा होता, पण त्या रागात शाळेचा प्रश्नही मागे पडला. शिक्षणहक्क कायदा लागू व्हायला २०१० उजाडले.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्यात सुरू झाला. पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांचे मूल त्या शाळेत कसे पोहोचणार, गाडी कोण देणार, तिचा खर्च कोणत्या खात्यातून होणार? सरकारने ही उत्तरे प्रत्येक वाडीच्या नावानिशी विधानसभेत ठेवावीत आणि तोवर एकाही शाळेला कुलूप लावू नये.