आपले चित्रपुस्तक आपणच काढू, पण एकट्याने नाही
कोल्हापूरच्या चित्रकार-लेखकांच्या चळवळीचा जाहीरनामा

आम्ही कोल्हापूर आणि पंचक्रोशीतले चित्रकार, लेखक, कलाशिक्षक आणि छपाईच्या कामात हयात घालवलेली माणसे आजपासून एक चळवळ सुरू करत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: चित्रपुस्तकाची मालकी ते घडवणाऱ्यांकडे राहावी, आणि त्या मालकीचा भार कुणाला एकट्याने वाहावा लागू नये.

आज काय घडते आहे

या शहरातल्या कलासंस्थांतून दरवर्षी तयारीच्या हाताची मुले-मुली बाहेर पडतात. त्यांच्यातल्या कुणाला चित्रपुस्तक करायचे असेल तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात.

पहिली वाट ठोक मानधनाची. बोलणी तोंडी होतात, चित्रे दिली जातात, पैसे मिळतात आणि विषय संपतो. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या तरी चित्रकाराला कळत नाही. कधी त्याचे नावही छापले जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात याबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत, पण त्या आम्हांला कुणी शिकवल्या नाहीत. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकते. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव असावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार निर्मात्याकडे उरतोच.

दुसरी वाट स्वतः प्रकाशक होण्याची. इथे आनंद खरा असतो: कागद आपण निवडतो, पानांची मांडणी आपली, मजकूर कापणारे कुणी नाही. नंतर हिशेब समोर येतो. बत्तीस पानांचे चार रंगांतले पुस्तक म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्मे. प्रत्येक फॉर्म्याच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार प्लेटा. म्हणजे मुखपृष्ठ सोडून सोळा प्लेटा. प्रती तीनशे काढा की तीन हजार, हा खर्च तेवढाच. म्हणून ‘हजार काढा, प्रत स्वस्त पडेल’ असा सल्ला मिळतो आणि तो गणितात बरोबरही असतो. प्रकाशन समारंभ होतो, नातेवाईक आणि मित्र प्रती घेतात, आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. विक्रेत्याचे कमिशन छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या घरात गेले की हाती छपाईचा खर्चही परत येत नाही. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या या जिल्ह्यात घरातला गठ्ठा म्हणजे धोकाच. भिजलेल्या आर्ट पेपरची पाने एकमेकांना चिकटतात, ती पुन्हा सुटत नाहीत. पहिल्या पुस्तकात असे पोळलेले अनेक जण दुसरे पुस्तक काढत नाहीत. आमच्या मते हेच सर्वांत मोठे नुकसान आहे.

आम्ही कुणाचे वारस आहोत

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला. त्यांची चित्रे गरिबाच्या घरातल्या भिंतीवरही पोचली. पण कर्ज वाढत गेले आणि काही वर्षांतच छापखाना विकावा लागला. एवढा मोठा चित्रकारही एकट्याच्या बळावर धंदा तारू शकला नाही, हे आम्ही विसरणार नाही.

औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे रामायण १९१६ मध्ये छापून घेतले. त्यांच्यामागे संस्थान होते. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला आणि चित्रकार संपादक-प्रकाशकही होऊ शकतो हे दाखवून दिले.

आणि आमच्या गावातला दाखला तर सर्वांत जवळचा. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच, आपल्या सहकाऱ्यांसह घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. साधन नव्हते तर ते इथे तयार झाले, पैसा नव्हता तर तो एका कलावंताने दुसऱ्या कलावंताला दिला. चित्रकार आबालाल रहिमानांच्या आणि व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांच्या या गावात चित्रपुस्तकासाठी तसे घडू शकत नाही, हे आम्हांला मान्य नाही.

आमची वचने

१. लेखी कराराशिवाय आमच्यापैकी कुणी चित्र देणार नाही आणि घेणारही नाही. करारात आवृत्ती, मुदत, भाषा आणि मानधन स्पष्ट लिहिलेले असेल.

२. लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात, चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर छापले जाईल.

३. कागद एकत्र घेऊ. अनेक पुस्तकांची मुखपृष्ठे एकाच शीटवर छापू. प्लेटा, कटिंग आणि बांधणी यांचे दर सगळ्यांसाठी मिळून ठरवू.

४. प्रकाशनपूर्व नोंदणी झाल्याशिवाय पुस्तक यंत्रावर चढणार नाही. आश्रयदात्यांची यादी छापण्याची मराठी ग्रंथांची जुनी रीत आम्ही पुन्हा सुरू करू. नोंदणी कमी असेल तर डिजिटल छपाईने थोड्याच प्रती काढू.

५. कागदावरचे प्रूफ पाहिल्याशिवाय छपाईला होकार देणार नाही. स्कॅनमध्ये जलरंगाचे फिके थर उडतात आणि पडद्यावर झळकणारा निळा कागदावर मंदावतो. छापखान्यातले जाणते कारागीर आमचे गुरू असतील आणि त्यांचे नाव पुस्तकात छापले जाईल.

६. किंमत ठरवताना कमिशन, टपालखर्च आणि चित्रकाराचा मेहनताना आधी धरू. आपले श्रम फुकट मोजणारा हिशेब आम्ही खोटा मानतो.

७. प्रत्येक पुस्तकाचा जमाखर्च सभासदांसमोर उघडा ठेवू. तोटा झाला तर तोही मांडू, म्हणजे पुढच्याला तीच ठेच लागणार नाही.

८. आयएसबीएन क्रमांक देशात विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी मध्यस्थाला पैसे देऊ नये, म्हणून नव्या सभासदाला अर्ज भरायला आम्ही मदत करू. १९५४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि इतर ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांकडे प्रती पाठवण्याचे कर्तव्यही पाळू.

आमच्या मागण्या

सार्वजनिक ग्रंथालयांनी ग्रंथखरेदीत चित्रपुस्तकांसाठी वेगळी तरतूद करावी. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिराच्या शहरात चित्रपुस्तकांचे स्वतंत्र कपाट प्रत्येक वाचनालयात असायला हवे.

कला महाविद्यालयांनी करार, कॉपीराइट आणि छपाईचे तंत्र अभ्यासक्रमात घ्यावे.

डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची नोंदणीकृत स्वस्त टपालसेवा बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले; तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा. ही सेवा टिकावी आणि छोट्या प्रकाशकाला ती विनाअडथळा मिळावी.

पालकांकडे आणि शिक्षकांकडे आमची मागणी साधी आहे. मुलाच्या वाढदिवसाला एक मराठी चित्रपुस्तक विकत घ्या. नोंदणीची यादी आली तर पहिल्या दिवशी नाव घाला. तुमचे आगाऊ दिलेले पैसे म्हणजे आमच्या पुस्तकाचा कागद.

ज्यांना ही वचने मान्य आहेत त्यांनी सही करावी आणि आपले अर्धे राहिलेले पुस्तक घेऊन यावे. अर्ध्या पुस्तकांची यादी करणे हे चळवळीचे पहिले काम, आणि त्यातले एक मिळून पूर्ण करणे हे दुसरे.